वर्डल की सुडोकू?
भाची नुकतीच नोकरीला लागलीय. परवा विचारत होती, "मामा, चहाच्या सुट्टीत काय खेळू, वर्डल की सुडोकू?"

आधी वेळेचं बघू. वर्डल म्हणजे पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा, सहा प्रयत्न, दिवसाला एकच कोडं. हावरटपणाला वावच नाही. सुडोकूत 81 घरं, 1 ते 9 आकड्यांनी भरायची. सोपं असलं तर दहा मिनिटांत सुटतं, पण अवघड अर्ध्यावर टाकून उठलं की मीटिंगमध्येही तो सात कुठे बसतो हेच डोक्यात. (माझं झालंय.)

खरा फरक भाषेचा. वर्डलला इंग्रजी शब्द हवेत, स्पेलिंगही अमेरिकी. सुडोकूत बेरीज-वजाबाकीसुद्धा नाही. नीट रचलेलं असेल तर उत्तर एकच, आणि ते तर्काने गाठता येतं. वर्डलमध्ये चार अक्षरं हिरवी (म्हणजे जागच्या जागी बरोबर) होऊनही पाचवं कधीकधी नशिबावर!

खर्च म्हणाल तर वर्डल ब्राउझरमध्ये फुकट, सुडोकू घरी येणाऱ्या पेपरात.

पाचच मिनिटं असतील आणि ग्रुपवर निकालाचे हिरवे-पिवळे चौकोन टाकायची हौस असेल, तर वर्डल. डोळ्यांना स्क्रीनपासून सुट्टी हवी असेल, तर कागदावरचं सोपं सुडोकू. भाचीला मी पेन्सिल दिली.