पंचांचा कौल आणि यंत्राकडे दाद
अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलने २०२६ च्या हंगामापासून स्वीकारलेली स्ट्राइक झोनची (ज्या काल्पनिक चौकटीतून गेलेला चेंडू फलंदाजाविरुद्ध ‘स्ट्राइक’ मोजला जातो, तिची) यंत्रव्यवस्था मला मनापासून पटली, कारण तिने पंचांना हटवलेले नाही. प्रत्येक चेंडूचा कौल आधी पंचच देतात. तो अमान्य असेल, तर केवळ फलंदाज, पिचर (चेंडू फेकणारा) किंवा कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) यांनी, डगआउटची (मैदानाकडेला बसलेल्या आपल्या संघाची) मदत न घेता, लगेच डोक्यावर हात थोपटून दाद मागायची असते. क्षणार्धात पडद्यावर चेंडूचा मार्ग उमटतो. चेंडूची कड झोनला निसटती जरी शिवली, तरी तो स्ट्राइक ठरतो. झोनची वरची सीमा फलंदाजाच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर आणि खालची २७ टक्क्यांवर असते. दोन दावे फेटाळले गेले की संघाचा हक्क संपतो, ही मर्यादा मला विशेष आवडली, कारण हातमोजा अलगद आत ओढून चेंडू स्ट्राइक भासवण्याची कॅचरची कला तिच्यामुळेच टिकून आहे.