मिरजेचा तंबोरा घरी आणताना: सोबत, पेटीतून की फायबर केसमधून?

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा निवडायला आपण दोन दिवस घालवतो. जोड (मधल्या दोन षड्जाच्या तारा) कशी बोलते, जवारी (तारांचा घुमारा) किती उघडी ठेवायची, भोपळ्याचा घेर, खुंट्या घसरतात का, सगळं बारकाईनं पाहतो. तो घरी कसा जाणार, हे मात्र पैसे देऊन झाल्यावर, चपला घालता घालता विचारतो. "पाठवून द्याल ना?" "देऊ की."

माझा पहिला तंबोरा असाच आला. गवसणी, त्यावर बबल रॅपचे दोन वेढे, त्यावर पुठ्ठ्याचा खोका. पुण्यात दारात उतरला तेव्हा खोक्याला साधा पोचा नव्हता. तारा चढवायला घेतल्या आणि खर्ज (सगळ्यात खालच्या स्वराची तार) लागेचना. शेवटी टॉर्च लावून पाहिलं, तर भोपळा आणि दांडी जिथे जोडतात त्या गळ्याशी केसाएवढी रेघ. बोटानं दाबली की उघडायची, सोडली की मिटायची. कुरियरवाल्यांनी पावतीच्या मागची बारीक अक्षरं दाखवली: नाजूक वस्तू, पॅकिंगची जबाबदारी पाठवणाऱ्याची. तंबोरा परत मिरजेला गेला. त्यानंतर दोन तंबोरे नेण्याची वेळ आली, एक पुण्याला आणि एक भाचीसाठी न्यू जर्सीला. दोन्ही वेळा आधी तो कसा न्यायचा ते ठरवलं, मग तंबोरा.

तंबोरा नेमका मोडतो कुठे, ते आधी पाहू. गिटारचं धड निदान सपाट असतं, खोक्यात बसतं. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे खराच भोपळा, मंगळवेढा-पंढरपूर भागातल्या शेतात पिकलेला कडू भोपळा, वाळवून कापलेला. त्याची पाठ गोल, म्हणून कुठेही ठेवला तरी तो एका बिंदूवर टेकतो आणि सगळा भार तिथे येतो. दांडी आतून पोकळ. मधला सांधा बहुधा सरसाचा (जुन्या पद्धतीच्या गोंदाचा), आणि सरस उष्णतेनं, दमटपणानं मऊ पडतो. एप्रिल-मे महिन्यात दुपारभर उन्हात उभ्या ट्रकमध्ये तारा ताणलेला तंबोरा ठेवला तर तो गळ्याशी वाकायला कुणी आपटायची गरज नाही. म्हणजे माझा खोका कुणी आपटला असेलच असं नाही. तो आडवा ठेवला, वर दोन खोकी चढली, भोपळा खाली टेकला, दांडी वर अधांतरी राहिली, एवढं पुरे.

म्हणून पॅकिंग कुठलंही असो, तीन गोष्टी ठरलेल्या. तारा उतरवायच्या, पण काढायच्या नाहीत. लोंबत्या सैल करून त्यांच्या आणि तबलीच्या (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाच्या) मध्ये जुन्या सुती साडीची घडी सरकवायची. घोडी (तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) ताणावरच उभी असते, ती काढून वेगळी गुंडाळायची. तिच्या माथ्यावर ओरखडा पडला तर जवारी गेलीच समजा. काढण्यापूर्वी तारदानापासून (तारा खाली जिथे अडकवतात तिथून) घोडीपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजून वहीत लिहायचं आणि फोटो काढायचा. तिसरी गोष्ट चुंबळ. डोक्यावर घागर घेताना घेतो तशीच, फोमची किंवा गोधडीची जाड चुंबळ भोपळ्याखाली, म्हणजे भार एका बिंदूऐवजी गोल कड्यावर पसरतो. दांडीला दोन ठिकाणी उशी. गळ्याखाली पोकळी राहता कामा नये.

सोबत नेणं

पुण्या-मुंबईपर्यंत जायचं असेल तर माझं मत याच बाजूला. कारागीर चाचांनी मला पहिलाच प्रश्न विचारला होता, "ताई, मधी किती ठिकानी उतरनार?" किलोमीटर त्यांनी विचारलेच नाहीत. मिरजेहून पुणं पावणेतीनशे किलोमीटर आणि तंबोरा गाडीत चढणार एकदा, उतरणार एकदा, दोन्ही वेळा माझ्याच हातानं. तोच कुरियरनं गेला की दुकान, टेम्पो, मिरजेचं गोदाम, ट्रक, पुण्याचं गोदाम, पुन्हा टेम्पो. प्रत्येक ठिकाणी वेगळा माणूस, आणि त्याच्या लेखी तो एक लांबडा खोका.

आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसनं आलो, मी आणि भाऊ. दोन बर्थ काढले होते. वरच्यावर तंबोरा उताणा, भोपळा भिंतीच्या बाजूला, खाली चादरीची चुंबळ, दांडी ओढणीनं साखळीला बांधलेली. खालच्यावर आम्ही दोघं आळीपाळीनं. पुणं येतं पहाटेच्या आधी, त्यामुळे झोप अशी झालीच नाही. शिवाय कायदा बोट ठेवून वाचला तर डब्यात नेण्याच्या पेट्यांची मर्यादा १०० × ६० × २५ सेंमी आहे, त्याहून मोठं सामान ब्रेकव्हॅनमधून (सामानाच्या डब्यातून) बुक करावं लागतं. आमच्या टीसीनं गवसणीकडे पाहिलं, "गाता का?" विचारलं आणि पुढे गेला. तुमचा तसा असेलच याची खात्री मी कशी देणार.

स्वतःची मोटार असेल तर प्रश्नच मिटला. मागची सीट आडवी करा, तंबोरा उताणा ठेवा, आणि जेवायला थांबाल तेव्हा गाडी सावलीत लावा. ट्रॅव्हल्सची डिकी मात्र नको. चालक कितीही "काही होत नाही" म्हणाला तरी खंबाटकीच्या वळणावर आतल्या बॅगा कुणाच्या बाजूला सरकतील ते त्याच्या हातात नाही.

लाकडी पेटी

परदेशी किंवा फार लांब, आणि तंबोरा एकदाच जायचा असेल, तर पेटी. न्यू जर्सीचा मर्दानी (पुरुषी आवाजासाठीचा, मोठा) तंबोरा पेटीतूनच गेला. आत चारी बाजूंनी फोम, भोपळ्याच्या टोकाला सगळ्यात जाड, कारण बाण कितीही काढा, हमाल पेटी उभीच करतात आणि जड टोक खाली जातं. झाकणावर दोन तिरप्या पट्ट्या ठोकून घेतल्या, घराच्या कौलासारख्या. वर सपाट जागाच नसली की दुसरी पेटी कुणी चढवत नाही. बंद केल्यावर दोघांनी धरून हलवली. आतून काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडायची.

पेटी कशाची, हेही आधी ठरवायला हवं. साध्या फळ्यांची असेल तर त्या लाकडाला कीड मारण्याची प्रक्रिया झालेली हवी, सहसा उष्णतेची, म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस, सलग ३० मिनिटं, आणि पेटीवर तसा शिक्का हवा. लाकडातून कीड देशात येऊ नये म्हणून अमेरिकेसह बहुतेक देश हे मागतात. प्लायवूडला हा नियम लागत नाही. आम्ही प्लायच घेतला, आणि वजनही उतरलं.

आता पेटीची खरी खोट. हवाई कुरियर तंबोऱ्याचं वजन करत नाही, तो अडवत असलेल्या जागेचं करतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० नं भागायची. आमची पेटी १६० × ६० × ५५, म्हणजे काट्यावर तीसेक किलो असली तरी बिलात जवळजवळ १०६ किलो! गिटारचा साधारण खोका ११५ × ४५ × १८ धरला तर साडेअठरा किलो येतात. गिटार पाठवणाऱ्यांचे अनुभव वाचून तंबोऱ्याचा अंदाज बांधू नका म्हणते ते यामुळे. समुद्रमार्गे भाडं कितीतरी कमी, पण कंटेनरमध्ये आठवड्यांमागून आठवडे उकाडा आणि दमट हवा. सरसाच्या सांध्याला तो धोका मी घेतला नाही. दर फुटाच्या फरकानं बिल बदलतं, म्हणून माप घेतल्याशिवाय मर्दानी की जनानी (बायकी आवाजासाठीचा, लहान) हेसुद्धा ठरवू नये. भाची गाते काळी चारमध्ये, म्हणजे चढ्या पट्टीत. जनानी तंबोरा तिला पुरला असता आणि बिलही हलकं झालं असतं, हे मला पेटी बंद झाल्यावर सुचलं.

फायबर केस

कार्यक्रमांना सारखं हिंडणाऱ्यांसाठी हीच. बाहेरून टणक, आत गादी, कडीकोयंडे, चाकं. वर्षातून दहा वेळा प्रवास असेल तर दर वेळी पेटी कोण ठोकणार? पण दोन अडचणी आहेत. तयार केस तुमच्या भोपळ्याच्या मापाची नसते, कारण भोपळा साच्यातून येत नाही, वेलीवरून येतो. आत चार बोटं मोकळी राहिली तर तंबोरा आतल्या आत भिंतींवर आपटतो आणि केस बाहेरून चकचकीतच राहते. मापानं करून घ्या, नाहीतर मोकळी जागा गोधडीनं भरा. दुसरी अडचण विमानाची. चेक-इन सामानाच्या तिन्ही बाजूंची बेरीज सहसा १५८ सेंमीपर्यंत धरतात. केसची बेरीज सहज २४० च्या पुढे जाते. म्हणजे जादा आकाराचं सामान, वेगळा काउंटर, वेगळे पैसे. तिकीट काढण्याआधी विमान कंपनीकडून हे ईमेलनं लेखी घ्या आणि तो कागद छापून जवळ ठेवा. फोनवरची परवानगी काउंटरवरच्या माणसाला माहीत नसते.

केस कुरियरनं एकटी पाठवायची असेल तर तिच्याभोवती पुन्हा फोम आणि खोका हवाच. केस म्हणजे पेटी नव्हे.

घरातली जुनी सतार परदेशी पाठवणाऱ्यांनी आणखी एक बघावं. तिची घोडी सांबरशिंगाची असेल किंवा नक्षीत हस्तिदंत असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याशी गाठ आहे, वाद्य कितीही आजोबांचं असो. नव्या वाद्यांत नक्षी बहुधा प्लॅस्टिकची असते, पण बिलावर कशाचं काय आहे ते कारागिराकडून लिहून घ्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा उल्लेखही बिलावर असला तर बरा.

कुणी काय घ्यावं म्हणाल, तर एकदाच आणि महाराष्ट्रात न्यायचा असेल तर सोबत, मग एक रात्र झोप गेली तरी चालेल. एकदाच पण परदेशी, तर मापानं केलेली प्लायवूडची पेटी आणि विमा. विम्यात वाद्याची पूर्ण किंमत लिहा, आणि पेटी बंद होण्याआधीचे फोटो तारखेसह ठेवा. सारखं हिंडायचं असेल तर केस. नुसत्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कुणीच पाठवू नये, कारागीर स्वतः म्हणाला तरी.

न्यू जर्सीत पेटी पोचली जानेवारीत. बाहेर बर्फ, घरात हीटर, आणि हीटरची हवा इतकी कोरडी की तबलीला तडा जायला वेळ लागत नाही. भाचीला सांगितलं होतं, पेटी घरात घे पण उघडू नकोस, आणि हीटरपासून लांब ठेव. तिनं एक रात्र आणि एक दिवस कळ काढली. मग वहीतलं माप बघून घोडी ठेवली, तारा अर्ध्याच चढवल्या आणि तशाच सोडल्या. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तिनं फोन भोपळ्याजवळ धरला. जोड लागली होती, पंचम अजून दीड श्रुती उतरलेला होता.