सातवीच्या इतिहासाचं गाईड : नकाशे उत्तम, रिकाम्या जागा बदला

साताऱ्यात मी घरी सातवी-आठवीच्या शिकवण्या घेते. जूनमध्ये एका खासगी प्रकाशनाचं इतिहासाचं गाईड आणलं, १८० रुपयांना. चार महिने रोज हाताळलंय, म्हणून लिहितेय.

बांधणी पक्की आहे, अक्षर मोठं आहे. नकाशे तर फारच छान. रायगडाहून जिंजीपर्यंतची वाट अशी दाखवलीय की राजाराम महाराज केवढ्या लांब गेले ते मुलांना बोटाने मोजता आलं. एवढ्यासाठी प्रकाशकांचे मनापासून आभार.

पण मराठ्यांच्या स्वातंत्र्यसंग्रामाचा धडा घेताना रिकाम्या जागांवर थांबले. ‘महाराणी ताराबाई या ______ यांच्या पत्नी होत.’ त्याच्या खाली, ‘येसूबाई या ______ यांच्या पत्नी होत.’ त्याच्याही खाली, ‘जिजाबाई या ______ यांच्या कन्या होत.’ त्या रात्री पेन्सिल घेऊन अख्खं गाईड पालथं घातलं. जिथे बाईचं नाव आहे तिथे गाळलेलं नाव पुरुषाचं. बाईचं नाव उत्तर म्हणून मुलांना एकदाही लिहावं लागत नाही. चित्रांत बायका दोनच, दोघींच्याही हातात ओवाळणीचं तबक.

ताराबाईंवरचं उत्तर एका ओळीचं आहे : ‘पतीच्या निधनानंतर न डगमगता त्यांनी राज्य सांभाळले.’ हे ‘सांभाळले’ मला फार लागलं. घर सांभाळतात, मूल सांभाळतात. मोहीम आखली, किल्ला परत घेतला, फौज धाडली, ही सगळी क्रियापदं याच धड्यात पुरुषांच्या वाट्याला आलीत. १७०० च्या मार्चमध्ये सिंहगडावर त्यांचे पती राजाराम महाराज वारले तेव्हा ताराबाई जेमतेम पंचविशीच्या. औरंगजेब स्वतः दख्खनेत ठाण मांडून एकेक किल्ला घेत होता आणि यांच्या फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात घुसत होत्या. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ तो मेला तोवर सात वर्षं हा लढा त्यांनी चालवला. कारभार आणि लष्कर या दोन्हींतली त्यांची जाण खाफीखानासारख्या मोगलांकडच्या इतिहासकारानेही लिहून ठेवलीय.

येसूबाईंचंही तेच. गाईडात त्या फक्त ‘कैदेत गेल्या’. १६८९ मध्ये रायगडाला वेढा पडला तेव्हा राजाराम महाराजांनी गडाबाहेर पडावं हा सल्ला त्यांचा, आणि लहानग्या शाहूंना घेऊन मागे थांबल्याही त्याच. हा निर्णय होता. तो वगळला की उरते नुसती सोसणारी बाई.

परीक्षेला मुलं पुस्तकापेक्षा गाईडच पाठ करतात, म्हणून हे जास्त खुपतं. सगळं उत्तर घडाघडा म्हणून दाखवणाऱ्या एका मुलाने मला विचारलं, “बाई, मग तेव्हा लढाईचं कोण बघत होतं?” मी त्याला खिडकीतून अजिंक्यतारा दाखवला. हा १७०० च्या एप्रिलमध्ये मोगलांकडे गेला आणि ताराबाईंच्याच काळात परत आला, म्हटलं. तो बराच वेळ किल्ल्याकडे बघत राहिला. रोज शाळेत जाताना दिसतो की त्याला.

आणि हे बदलणं अवघड नाही. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवलेच ना?

नकाशांसाठी गाईड जरूर घ्या. रिकाम्या जागा मात्र घरी उलट्या करून द्या. मी दिली ती अशी : ‘१७०० ते १७०७ या काळात मोगलांविरुद्धच्या लढ्याचं नेतृत्व ______ यांनी केलं.’ अकराही मुलांनी बरोबर भरली.

पाचपैकी अडीच तारे. पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्यांची पानं प्रकाशकांना पोस्टाने पाठवलीत. पुढच्या आवृत्तीत त्या आल्या तर सगळ्या मुलांसाठी मीच अकरा प्रती विकत आणीन.