मायनेता संकेतस्थळ : एका टायपिस्टचा शेरा

मिरजेच्या तहसील कचेरीबाहेर माझं टेबल आहे. उत्पन्न, नावातला बदल, वारस, शिक्षणात पडलेला खंड, ज्याला जे लागेल त्याचं शपथपत्र टाइप करून देतो. पलीकडे नोटरी वकीलबाई बसतात, त्या शिक्का मारतात. त्यामुळे शपथपत्र नावाच्या कागदाबद्दल मला फारशी भक्ती उरलेली नाही. "लिवा ओ आण्णा, कोन बघतंय" हे रोजचं ऐकणं. निवडणूक लढवणाऱ्यांची शपथपत्रं एका जागी मांडून ठेवणारं 'मायनेता' हे संकेतस्थळ मी त्याच डोळ्यानं वापरतो आणि समोर ताटकळलेल्या गिऱ्हाइकालाही दाखवतो. प्रिंटर गरम होईपर्यंत वेळ बरा जातो.

आधी वस्तू काय आहे ते. मायनेता चालवणारी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था १९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी काढली. उमेदवारावर गुन्हे कोणते, मालमत्ता किती, शिक्षण काय, हे मतदाराला कळायला हवं म्हणून ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि २ मे २००२ ला निकाल त्यांच्या बाजूनं लागला. मग एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एकत्र आले आणि कायद्यात बदल करून निकाल बोथट करायला निघाले. मार्च २००३ मध्ये न्यायालयानं तो बदल मोडीत काढला. तेव्हापासून उमेदवारी अर्जासोबत या सगळ्याचं शपथपत्र लागतं, आता ते नमुना २६ मध्ये असतं. त्यात रकाना कोरा ठेवून चालत नाही, २०१३ च्या निकालानंतर तर अर्जच बाद होऊ शकतो, म्हणून जिथं तिथं 'निरंक' आणि 'लागू नाही' दिसतं. आमच्याकडे इतकी कडक शिस्त असती तर निम्मी गिऱ्हाइकं घरी गेली असती.

संकेतस्थळाचं रूप जुनाट आहे, पण चालतं भराभर. निवडणूक निवडा, जिल्हा निवडा, मतदारसंघ निवडा. एका ओळीत नाव, पक्ष, गुन्ह्यांची संख्या, शिक्षण, मालमत्ता, देणी. नावावर बोट ठेवलं की पुढचं पान उघडतं: कुठल्या न्यायालयात कोणता खटला, कोणती कलमं, दोषारोप ठेवले गेलेत की नाही. हाच माणूस मागच्या निवडणुकांत उभा होता का, तेव्हा मालमत्ता किती होती, गुन्हे किती होते, हेही तिथंच खाली सापडतं. पैसे लागत नाहीत, नाव-नंबर देऊन आत शिरावं लागत नाही. एवढ्यावरच मी पाचातले साडेतीन तारे देतो. उरलेला दीड कुठं गेला ते सांगतो.

२०२४ च्या विधानसभेच्या वेळी माझ्या टेबलाशी रोज कुणी ना कुणी "आमच्यातला बघू" म्हणत उभा राहायचा. एरंडोलीकडचे एक शेतकरी आले होते, सातबाऱ्यावरच्या नावाच्या दुरुस्तीसाठी. त्यांना मालमत्तेचा रकाना दाखवला. पाच वर्षांपूर्वीचा आकडा, आत्ताचा आकडा. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि अशी शिवी हासडली की वकीलबाईंनी शिक्का हातातच धरला. "आमचं एकर त्येवढंच, ऊस त्योच. ह्यांचंच कसं वाढतंय ओ?" सगळ्यांनी माना डोलावल्या. नेते म्हणजे चोर, या ठरावाला मिरजेत विरोधी मत पडत नाही.

पण त्याच पानावर खाली गुन्ह्यांचा तक्ता असतो, आणि तिथं जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम १५३-अ असेल तर माणसं एकदम वेगळी वागतात. धर्म, जात, भाषा वगैरेंवरून दोन समाजांत वैर पेटवणं, हा तो गुन्हा. तीन वर्षांपर्यंत शिक्षा, प्रार्थनास्थळात केला तर पाच. शेजारच्या मंडळाचा एक पोरगा, पोरगा तसा चांगला, रक्तदान शिबिरात पुढं असतो, तो १५३-अ वाचून हसला. "केस हाय म्हंजे काम केलंय आण्णा. एकपण केस न्हाई त्यो कसला नेता?" मग मी दुसऱ्या बाजूच्या पक्षाचा एक उमेदवार उघडला, त्याच्यावरही १५३-अ. "बघा, ही असलीच." कलम तेच, शब्द तेच, पोरगाही तोच.

एकट्या त्यालाच नावं ठेवायला नकोत. सतारमेकर गल्लीतले चाचा माझे जुने स्नेही. मंगळवेढ्याकडून येणाऱ्या भोपळ्याच्या भावावरून एरवी तासभर कटकट करतील, पण राजकारणावर सहसा बोलत नाहीत. त्यांना मी हैदराबादच्या अकबरुद्दीन ओवैसींच्या २०१२ च्या 'पंधरा मिनिटं पोलीस हटवा' भाषणाबद्दल विचारलं. चाचा म्हणाले, भाषण वाईटच होतं. थोडं थांबून म्हणाले, "पण आमच्या बाजूनं निदान कुणी बोलतो तरी." त्या खटल्यांत ओवैसी एप्रिल २०२२ मध्ये निर्दोष सुटले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या सभेत घड्याळ बघत पुन्हा पंधरा मिनिटांवर आले. टाळ्या पडल्या. इकडे 'बटेंगे तो कटेंगे'वर टाळ्या पडत होत्या, 'व्होट जिहाद'वर पडत होत्या. महायुतीतलेच अजित पवार आणि पंकजा मुंडे म्हणाले की 'बटेंगे'ची घोषणा महाराष्ट्रात नको. त्यावर टाळ्या पडल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

मिरजेत हे बोलताना आवाज आपोआप खाली येतो. सप्टेंबर २००९ मध्ये गणपतीच्या कमानीवरच्या अफजलखानवधाच्या चित्रावरून इथं दंगल झाली. संचारबंदी लागली, विसर्जन रखडलं, लोण सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीपर्यंत गेलं. १३ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं, म्हणजे मधे जेमतेम सहा आठवडे. त्या दिवसांत माझ्याकडे नुकसानीची शपथपत्रं आली: जळालेली टपरी, फोडलेली रिक्षा, हातगाडी, शिलाई मशीन. नावं दोन्हीकडची. नेत्याचं शपथपत्र एकही नव्हतं, त्यांचं काही जळलं नव्हतं. १५३-अ च्या रकान्यावर पोरं हसतात तेव्हा मला ती शिलाई मशीन आठवते, आणि मी गप्प बसतो, कारण धंदा दोन्ही गल्ल्यांतून येतो.

आता तक्रार. संकेतस्थळावर पहिल्यांदा नजरेत भरतो तो गुन्ह्यांचा आकडा, आणि आकडा फसवतो. आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात उसाच्या दरासाठी रस्त्यावर बसलेल्या माणसावर दहा-पंधरा खटले सहज असतात: १४३ म्हणजे बेकायदा जमाव, ३४१ म्हणजे वाट अडवणं, १८८ म्हणजे आदेशाचा भंग, जोडीला पोलीस अधिनियमाचं ३७(१) आणि १३५. ही कलमं मला पाठ आहेत. आंदोलनात साहेबांची कॉलर धरली असेल तर ३५३ लागतं, आणि ते अजामीनपात्र असल्यानं संस्थेच्या निकषांप्रमाणे माणूस थेट 'गंभीर'मध्ये जातो. दुसरीकडे एखाद्यावर एकच गुन्हा असतो, पण तो १५३-अ. तोही 'गंभीर'मध्येच. यादीत दर मागणारा पंधरा गुन्ह्यांनिशी वर आणि गाव पेटवणारा एका गुन्ह्यानिशी खाली. वाचणारा म्हणतो, चला, हा त्यातल्या त्यात बरा. म्हणून मी गिऱ्हाइकाला आकड्यावर थांबू देत नाही, आतलं पान उघडून कलमं वाचायला लावतो. कलमानुसार उमेदवार गाळून दाखवायची सोय पहिल्याच पानावर ठळक दिली तर मी अर्धा तारा लगेच परत करीन. माहिती त्यांच्याकडे आहेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच संस्थेनं शपथपत्रं चाळून सांगितलं होतं की देशातल्या १०७ विद्यमान खासदार-आमदारांवर द्वेषपूर्ण भाषणाचे गुन्हे दाखल आहेत.

खटला 'प्रलंबित' दिसतो, तो का, हेही पानावरून कळत नाही. १५३-अ आणि धार्मिक भावना दुखावण्याच्या २९५-अ साठी न्यायालयानं दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९६. ज्याच्यावर खटला चालवायचा तो सत्तेतल्या पक्षाचा असेल तर मंजुरीच्या फायलीचा प्रवास कसा होत असेल, हे कचेरीबाहेर बसणाऱ्याला सांगायला नको. मंजुरी मिळून, खटला चालून शिक्षा लागली तर मात्र लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ खाली माणूस अपात्र ठरतो, मग नुसता दंड झालेला असला तरी. म्हणूनच तर तिथवर पोचत नाही. (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १५३-अ चं झालं १९६. आधी मंजुरीचा नंबर १९६, आता गुन्ह्याचाच १९६. टाइप करताना माझी बोटं अजून अडखळतात. नव्या शपथपत्रांत जुने-नवे दोन्ही नंबर येतात, वाचताना भान ठेवा.)

कुणी विचारेल, धर्माच्या नावानं मतं मागितल्याबद्दल कुणाचं कधी काही बिघडलंय का? बिघडलंय, आणि इथंच. विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक. शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू जिंकले, उच्च न्यायालयानं १९८९ मध्ये निवड रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं ११ डिसेंबर १९९५ ला ती रद्दच ठेवली, आणि प्रचारातल्या भाषणांपायी बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षं गेला. त्याच दिवशी, त्याच न्यायालयात मनोहर जोशी सुटले. महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य येईल हे वाक्य म्हणजे भ्रष्ट आचरण नव्हे, आशा आहे, असं न्यायालयाला वाटलं. जोशी तेव्हा मुख्यमंत्री होते. मतदानाचा हक्क गेल्यानं बाळासाहेबांचा मान शिवसैनिकांत तसूभर कमी झाला नाही, वाढलाच. हा सगळा इतिहास मायनेतावर मिळणार नाही. शपथपत्रंच फार नंतरची, त्यामुळे लोकसभेची यादी २००४ पासून धरायची.

वीस वर्षांची ही यादी मात्र वाचण्यासारखी आहे. २००४ मध्ये निवडून आलेल्यांपैकी १२५ खासदारांवर गुन्हे होते. २००९ मध्ये १६२, २०१४ मध्ये १८५, २०१९ मध्ये २३३, २०२४ मध्ये २५१, म्हणजे ५४३ पैकी शेकडा ४६. माहिती उघड झाली की लोक कलंकितांना पाडतील, असं त्या प्राध्यापकांना वाटलं असेल. माझ्या टेबलावरून दिसतं ते असं: पैशाचा रकाना लोकांना झोंबतो, कारण तो पैसा आपल्या खिशातला वाटतो. १५३-अ चा रकाना झोंबत नाही, कारण ते भाषण आपल्यासाठीच झालं असं वाटतं. यात संकेतस्थळाचा दोष शून्य. आरशावर राग काढण्यात अर्थ नाही, पण आरसा बघून कुणी भांग बदलत नाही हेही खरंच.

आणखी दोन गोष्टी. पानं इंग्रजीत आहेत, कलमांची वर्णनंही. तक्त्यापर्यंत पोचलेला शेतकरी तिथं अडतो आणि मला हाक मारतो. माझी चहाची सोय होते, पण राज्यापुरतं तरी मराठी हवं. दुसरं, पान त्या तारखेचं असतं. पुढं माणूस सुटला किंवा अडकला तरी जुनं शपथपत्र बदलत नाही. शिवाय ही सगळी उमेदवाराची स्वतःची विधानं, तपासलेली नव्हेत. खोटं लिहिल्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली सहा महिने किंवा दंड, पण त्याला भिऊन कुणी खरं लिहिल्याचं आमच्या धंद्यात तरी ऐकिवात नाही. शंका आली तर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मूळ शपथपत्राची स्कॅन प्रत असते, ती काढून बघा. आमच्याकडची बहुतेक मराठीत असतात, आणि टायपिंगच्या चुकांवरून ती कुठल्या टेबलावर झालीत हे मला ओळखू येतं.

नगरसेवकाचं बघायचं असेल तर मायनेतावर विसंबू नका. महापालिका, जिल्हा परिषद, पंचायत समिती यांचं काम राज्य निवडणूक आयोगाकडे असतं, त्यांची शपथपत्रं वेगळीकडे असतात. अर्ज भरायच्या दिवसांत निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत फलकावर लावलेली बघायला मिळतात. सकाळी अकराच्या आत जा, मोबाइलवर फोटो काढा, दुपारनंतर फलकासमोर कार्यकर्ते उभे असतात आणि काही दिसत नाही.