दोन कार्डांचा कॅमेरा: सेकंडहँड निकॉन डी७५०, तीन लग्नसराईंनंतर

गेल्या वर्षभरात साताऱ्यातल्या तीन मुलींनी मला एकच प्रश्न विचारला: ताई, पहिला कॅमेरा कुठला घेऊ? तिघींनाही फोटोंचा नाद आहे आणि नोकरी सोडून लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्यात. तीनदा फोनवर बोलण्यापेक्षा एकदाच लिहिते.

मी अकरा वर्षं पतसंस्थेत कॅशियर होते. रविवारी पहाटे स्कूटी काढायची, कासला जायचं, कडेला पालथं पडून तेरडा नाहीतर सीतेची आसवं टिपायची. तेव्हाचा कॅमेरा छोटा, एका कार्डाचा. फुलांची काही तक्रार नव्हती. मग मावसबहिणीच्या साखरपुड्याचे फोटो मीच काढले. घरी येऊन कार्ड लॅपटॉपला लावलं तर म्हणे, ‘फॉरमॅट करा’. रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने जे हाती लागलं, त्यातल्या निम्म्या फोटोंत माणसं गळ्यापर्यंत ठीक आणि खाली सगळं राखाडी. अंगठी घालतानाचा एकही नाही. मावशी काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. कासचं कार्ड गेलं असतं तर पुढच्या रविवारी पुन्हा गेले असते; साखरपुडा पुन्हा कोण करणार?

म्हणून लोकांकडून पैसे घ्यायचे तर दोन कार्डांचाच कॅमेरा, हे तेव्हाच ठरलं. नवा परवडणारा नव्हता. मुंबईत फोर्टला बोरा बाजारात दोन दिवस फिरले आणि ४६ हजारांना डी७५०ची नुसती बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घेतली. घेण्याआधी त्यावर एक फोटो काढून फाइलमधून शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती क्लिक झाले तो आकडा, काढला: ५८ हजार. या मॉडेलचं शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. एका लग्नात माझे अडीच हजार क्लिक होतात. कॅशियरचं डोकं, लगेच हिशेब झाला: ३६ लग्नं नक्की पदरात. (दीड लाखाला शटर बंदच पडतं असं नाही, पण मी तेवढंच धरते.)

कॅमेरा २०१४ सालचा, २४ मेगापिक्सेलचा. दोन्ही स्लॉट एसडी कार्डांचे. बॅकअपवर ठेवलं की प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर उतरतो. माझ्या दृष्टीने ४६ हजारांतले निम्मे पैसे या सोयीचेच.

उरलेले निम्मे वरखाली वळणाऱ्या स्क्रीनचे. माझी उंची पाच फूट. अंतरपाट खाली येतो त्या क्षणी पुढे करवल्या, मामा आणि मोबाईल घेतलेले निदान वीस हात असतात. मी कॅमेरा डोक्यावर धरते, स्क्रीन खाली वळवते आणि अक्षतांच्या पावसात वरून फोटो घेते. एक अडचण आहे: स्क्रीनवर बघून काढताना फोकस सावकाश लागतो. त्यामुळे तो आधीच लावून ठेवायचा. डोळा लावून काढताना मात्र अंधाऱ्या हॉलमध्येही चटकन पकडतो. आयएसओ, म्हणजे कमी उजेडासाठी वाढवायची संवेदनशीलता, ६४०० पर्यंत मी बिनधास्त नेते, अल्बमच्या छपाईत दाणे खुपत नाहीत.

आता न आवडलेलं. बॅटरी-कार्डासह वजन ८४० ग्रॅम, लेन्स वेगळीच. पाठवणीपर्यंत मनगट बोलायला लागतं. शटरचा आवाज मंगलाष्टकांत विरून जातो, पण कन्यादानाच्या वेळी गुरुजी वळून बघतात. ५१ फोकस पॉइंट आहेत खरे, पण सगळे मध्यावर दाटीवाटीने. कडेच्या चेहऱ्यासाठी फोकस धरून कॅमेरा सरकवावा लागतो. रोषणाईखाली फोटोत पट्टे आले तर शटरचा वेग १/१०० सेकंदावर आणायचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्याने बहुतेक वेळा काम भागतं. रील आणि व्हिडिओच्या ऑर्डरी घ्यायच्या असतील तर हा कॅमेरा घेऊच नका. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, बघा.

आणि बॉडीच्या किमतीवर भुलू नका. ५० आणि ८५ मिलिमीटरच्या एफ १.८ (कमी उजेडात चालणाऱ्या) लेन्स, दोन फ्लॅश, जादा बॅटरी, चार कार्डं धरून माझा आकडा लाखाच्या वर गेला. दुसरी बॉडी अजून भाड्याने आणते, कारण मुहूर्ताला कॅमेरा बिघडला तर मुहूर्त थांबत नाही. पहिल्या ऑर्डरीचे मिळाले ५ हजार आणि ओटी भरून साडी. साडी छान होती, पण हप्ता साडीने फिटत नाही. नोकरी मी दुसऱ्या लग्नसराईनंतर सोडली, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला टाकून.

चातुर्मासात लग्नं जवळजवळ नसतात. तेव्हा पैशांची ओढाताण असते, पण कासला फुलं नेमकी तेव्हाच येतात. हाच कॅमेरा घेऊन जाते. तिथे मात्र एकच कार्ड घालते.

लग्नाहून परतताना दोन्ही कार्डं एका पिशवीत ठेवत नाही. एक माझ्या पर्समध्ये, दुसरं नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात. एकदा तो शर्ट तसाच मशीनमध्ये गेला. कार्ड वाळवून लावलं, सगळे फोटो शाबूत. तेव्हापासून आमच्याकडचं धुणं मीच टाकते.