तंबोरा मिरजेचा, जवारी फोटोवरून

खालच्या मजल्यावरच्या आजींनी पहिल्याच आठवड्यात दार वाजवून विचारलं, "तुमचा फ्रिज बिघडलाय का? संध्याकाळी काहीतरी घूं घूं करतं." मी त्यांना आत बोलावून तंबोरा दाखवला. त्यांनी भोपळ्यावर दोनदा टिचकी मारली आणि म्हणाल्या, हे फळ आहे? हो म्हटलं, फळच.

मी मूळची सांगलीतल्या विश्रामबागची, शिक्षण तिथल्याच वालचंद कॉलेजला, आणि गेली आठ वर्षं जर्मनीत श्वाइनफुर्टला. या गावाचं पोट बेअरिंगवर चालतं. 1883 साली फ्रीडरिश फिशर यांनी पोलादी गोळ्या घासून एकसारख्या गोल करायचं यंत्र इथेच बनवलं. मी दिवसभर घासलेले पृष्ठभाग तपासते, संध्याकाळी तासभर गाते आणि रविवारी कॅमेरा घेऊन माइन नदीकाठी जाते. नदीवर धुकं असलं की सांगलीच्या आयर्विन पुलाची हटकून आठवण होते. एवढंच माझं तिथलं आयुष्य. त्यात तंबोरा कसा टिकला, आणि मिरजेच्या ज्या कारागिरांकडून घेतला त्यांची सेवा कशी आहे, हे लिहायचं कारण असं की परदेशी राहणारे ओळखीतले चारजण हाच प्रश्न विचारून झालेत.

दुकान सतारमेकर गल्लीत. नाव देत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही आहे. डिसेंबर 2021 मध्ये सुट्टीवर असताना ऑर्डर द्यायला गेले. तिथल्या कारागिरांनी, म्हणजे चाचांनी, किंमत सांगण्याआधी गायला लावलं. मी म्हटलं, माझा सूर काळी पाच, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं. "ताई, सांगता काळी पाच आणि आवाज मोकळा होतोय काळी चारला. मी चारचा बांधतो. पाचला चढवायचा असेल तर चढेल." गुरुजींनी दहा वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते या माणसाने भोपळा निवडायच्या आधी सांगितलं. जरा राग आला होता, खरं सांगते.

भोपळे माळ्यावर टांगलेले. पंढरपूरकडून येतात. भाजीचा भोपळा नव्हे, हा कडू आणि जाड सालीचा. पाण्यात भिजवून मऊ करतात, कापतात, आतला गर खरवडून काढतात आणि आकार धरावा म्हणून आतून काड्यांचे टेकू देऊन वाळवतात. चाचा एकेक भोपळा नखाने वाजवत होते आणि मी फोटो काढत होते. माझ्याकडे जुनी 50 एमएमची लेन्स आहे. ती कॅमेऱ्यापुढे उलटी धरली की जवळचं बारीक दिसतं, मॅक्रो लेन्सचे पैसे वाचतात. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या ठोकळ्यावर, तारांनी पाडलेल्या रेघांचा असा एक फोटो मी त्यांना स्क्रीनवर दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि काही न बोलता कॅमेरा परत दिला. त्या फोटोचा पुढे उपयोग होईल हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

तर तक्रारी आधी. महिन्याचा वायदा होता, तंबोरा तयार झाला अडीच महिन्यांनी. मी तोवर परत गेले होते, म्हणून ऑगस्ट 2022 पर्यंत तो मिरजेतच राहिला. फोन केला की "पॉलिश वाळतंय" हे एकच उत्तर. पावसाळ्यात वाळत नाही हे समजू शकतं, पण मार्चमध्ये काय झालं होतं? जादा तारांच्या पुडीत जोडीच्या (मधल्या दोन, षड्जाच्या) तारा वेगळ्याच जाडीच्या निघाल्या. मी मायक्रोमीटर लावला म्हणून कळलं, एरवी सहा महिने सूर का लागत नाही म्हणून स्वतःलाच दोष देत बसले असते. आणि नक्षीची पट्टी एका ठिकाणी अगदी किंचित उचललेली होती. 28,000 रुपये तंबोऱ्याचे आणि 6,000 फायबरच्या पेटीचे दिल्यावर हे असू नये.

आवाजाबद्दल मात्र तक्रार नाही. पंचम छेडला की खोलीतली हवाच बदलते. मोबाइलवरचा तंबोरा मीही वर्षानुवर्षं वापरला. तो वाईट नाही, पण तेच आवर्तन पुन्हा पुन्हा येतं आणि कान थोड्या वेळाने ऐकायचं सोडून देतो. खऱ्या तंबोऱ्यात तार घोडीच्या सपाट वाटणाऱ्या, पण किंचित उतरत्या माथ्यावर थरथरत घासते, आणि मधे सरकवलेला सुताचा दोरा ती नेमकी कुठे घासेल ते ठरवतो. तार जिथे छेडली त्या जागेमुळे जे उपस्वर (मूळ सुरासोबतचे वरचे बारीक सूर) उमटायला नकोत, तेही या घोडीमुळे ऐकू येतात. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली हेच दाखवून दिलं होतं. मिरजेत त्याला जवारी म्हणतात आणि कानशीने काढतात.

खरी परीक्षा जानेवारी 2023 मध्ये झाली. बाहेर उणे आठ, घरात हीटर अखंड चालू, आर्द्रतेचा काटा 24 टक्क्यांवर. कृष्णाकाठच्या हवेत वाढलेलं लाकूड आणि भोपळा या हवेत आकसणारच. एका सकाळी तबली (भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी पाटी) आणि भोपळ्याच्या सांध्यावर केसाएवढी चीर दिसली आणि जवारी बसली. जोडीची एक तार गुणगुणायची सोडून नुसती टणटण करायला लागली.

चाचांना व्हिडिओ कॉल लावला. मी तंबोरा छेडतेय आणि तिकडे चाचा कपाळाला आठ्या घालून बसलेत. "ताई, छेडताय की नुसती बोटं फिरवताय?" त्यांना काहीच ऐकू जात नव्हतं. नंतर लक्षात आलं, बोलणं स्वच्छ यावं म्हणून ही अ‍ॅप्स सतत चालणारा आवाज गोंगाट समजून गाळून टाकतात. पंखा गाळतात तसा षड्जही गाळतात! मग आवाज रेकॉर्ड करून पाठवला. त्यावर उत्तर आलं, डबा वाजवल्यासारखा येतोय, यावरून काही सांगणार नाही.

आणि मग त्यांनीच विचारलं, "तो उलट्या काचेचा फोटो येईल का, घोडीचा?"

पहिले चार फोटो त्यांनी नापास केले. समोरून फ्लॅश मारला की घोडी आरशासारखी चकाकते आणि काहीच दिसत नाही. "उजेड आडवा पाडा, सकाळचं ऊन शेतात पडतं तसा. आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे मला माप कळेल." टेबल लॅम्प जमिनीवर ठेवला, घोडीच्या पातळीत आणला, खोलीतले बाकीचे दिवे घालवले. आता तारेची प्रत्येक रेघ सावलीने वेगळी दिसायला लागली. माझ्या कारखान्यातही ओरखडे शोधायला दिवा असाच तिरका धरतात. मला ते सुचायला हवं होतं, मिरजेहून सांगावं लागलं.

दहा मिनिटांत निदान आलं. जोडीच्या दुसऱ्या तारेखाली खड्डा पडलाय, खर्जाची (सगळ्यात खालच्या सुराची) तार ठीक आहे, घोडीला कानस किंवा पॉलिशपेपर अजिबात लावायचा नाही, त्या तारेचा दोरा अर्धा तांदूळ मागे घ्यायचा. मी इंजिनिअर, विचारलं, "बासमती की आंबेमोहोर?" म्हणाले, "तुमच्या डब्यात असेल तो." अर्धा तांदूळ मागे घेतला आणि तार पुन्हा बोलायला लागली. चिरेत सरस ओतायचा नाही, तंबोरा हीटरपासून लांब न्या आणि हवेत ओल आणा, असंही बजावलं. ह्युमिडिफायर घेऊन काटा 45 वर आणला. तीन आठवड्यांनी चीर मिटली. ती कुठे होती हे आता फक्त माझ्या फोटोत दिसतं.

तेव्हापासून दर हिवाळ्यात दोन-तीन फोटो जातात. या सल्ल्याचे पैसे ते सांगत नाहीत. मीच एकदा 500 रुपये पाठवले, तर उत्तरात फक्त हात जोडलेले आले. पण फोटोची मर्यादाही सांगायला हवी. दोरा सरकवून एक-दोन हिवाळे निघतात. खड्डा वाढत गेला की घोडी घासण्याला पर्याय नाही, आणि ते काम समोर बसून, छेडून, ऐकूनच होतं. डिसेंबर 2024 मध्ये तंबोरा मिरजेला नेला. चाचांनी पंधरा-वीस वेळा घासलं, दर वेळी तारा चढवून छेडलं. मधेच फोनमध्ये माझे जुने फोटो काढून घोडीशी ताडून पाहिले. चाळीस मिनिटं गेली. त्याच वर्षी मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं होतं, तेव्हा गल्लीत त्याचीच चर्चा होती. मी त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, कागद आला, चांगलं झालं, आता भोपळा स्वस्त मिळाला तर आणखी चांगलं.

नेणाऱ्यांसाठी थोडं. घोडी हस्तिदंत किंवा शिंगाची नको, कस्टमला गळ्यात येते. लाकडाची घ्या आणि पावतीवर लाकडाचं नाव लिहून घ्या. विमानात चढवण्याआधी तारा सैल करा. तंबोऱ्याची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी असते, त्यामुळे तारा सैल झाल्या की ती जागेवरून हलते. म्हणून आधी तबलीवर पट्टी ठेवून घोडीच्या जागेचा फोटो काढा, मग घोडी रुमालात गुंडाळून हातातल्या पिशवीत घ्या. त्याच पिशवीत कॅमेऱ्याचा फिल्म रोल असेल तर सुरक्षा तपासणीत तो हातात देऊन तपासायला सांगा. नव्या सीटी मशीनमधून गेला की फिल्म धुरकट होते. माझा एक रोल असा गेला, त्यात नेमके भोपळ्यांच्या माळ्याचे फोटो होते.

तंबोऱ्याला पाचपैकी साडेचार. अर्धा त्या पुडीतल्या तारांसाठी कापला. वायद्याला दोन, तेही चाचांकडे बघून. फोटोवरच्या सल्ल्याला पाच. सांगलीहून जाणार असाल तर शुक्रवारची दुपार टाळा, दुकान बंद असतं, आणि गल्लीत गाडी नेऊ नका.