ब्लॅक कोअरच्या नावाखाली आर्ट कार्ड: पत्त्यांचे कॅट छापून घेताना कुठे गंडवतात

स्वतःच्या डिझाइनचे पत्ते छापून घेणं आता सोपं झालं आहे. लग्नात वाटायचे कॅट, कंपनीची दिवाळी भेट, मुलांसाठी शब्दांचे पत्ते, नाहीतर स्वतः रचलेला एखादा खेळ. पीडीएफ पाठवली की एक कॅटसुद्धा छापून मिळतो. या कामात प्रामाणिक माणसं भरपूर आहेत. जे फसवतात त्यांची रीत मात्र ठरलेली असते: नमुना एका कागदाचा दाखवायचा आणि माल दुसऱ्याच कागदावर काढायचा. गिऱ्हाइकाला कागद कळत नाही, या एका भरवशावर हे सगळं चालतं. म्हणून इथे कागदाबद्दलच जास्त लिहिलं आहे.

ज्या ऑर्डरवरून हे लिहीत आहोत ती १०० कॅटांची होती. साइटवर कबूल केलेला माल असा (यातल्या शब्दांचा अर्थ पुढे येतोच): ३१० जीएसएम, ब्लॅक कोअर, लिनन फिनिश, ऑफसेट छपाई, स्वतःचा प्रेस, प्रत्येक कॅटला छापील खोका. कुरियरने नमुन्याचा कॅट आला तो उत्तम होता. पिसताना पत्ते सरसर सुटत होते, वाकवून सोडले की सरळ होत होते. पूर्ण रक्कम आगाऊ मागितली गेली, तीही यूपीआयने आणि एका व्यक्तीच्या नावावरच्या खात्यात. तारखा दोनदा पुढे ढकलून शेवटी आलेला माल मॅट लॅमिनेशन केलेल्या, म्हणजे वर पातळ पारदर्शक फिल्म चढवलेल्या साध्या आर्ट कार्डचा निघाला. पत्ते एकमेकांना चिकटत होते, काही कॅटांत जोकर एकच होता, एकात चौकट दश्शी दोन होत्या आणि नव्वी गायब. नमुन्याचा कॅट या प्रेसचा नव्हताच. तो दुसऱ्याच कारखान्याचा तयार कॅट होता, साध्या पांढऱ्या खोक्यात घालून पाठवलेला. तक्रार केल्यावर उत्तर आलं: ‘कस्टम ऑर्डर आहे, परत घेत नाही. शिवाय तुम्ही प्रूफ अप्रूव्ह केलं आहे.’

यातली प्रत्येक गोष्ट पैसे देण्याआधी पकडता आली असती. कशी, ते क्रमाने सांगतो.

खेळायच्या पत्त्याचा चांगला कागद म्हणजे एक जाड पुठ्ठा नसतो. दोन पातळ थर काळ्या किंवा निळसर चिकटद्रव्याने एकमेकांना चिकटवलेले असतात. मधला हा गडद थर म्हणजेच कोअर. त्याची दोन कामं. एक, उजेड आरपार जाऊ न देणं. दुसरं, पत्त्याला लवचीकपणा देणं, म्हणजे वाकवला तरी घडी न पडता तो मूळ आकारावर येतो. आर्ट कार्ड हा व्हिजिटिंग कार्डाचा आणि पत्रिकेचा कागद. तो पांढराशुभ्र असतो, त्यावर छपाई देखणी उठते, पण मध्ये कोअर नसतो. किमतीत दोघांचा फरक मोठा आहे आणि फसवणाऱ्याची कमाई नेमकी तिथेच आहे.

ओळखायला दोन मिनिटं पुरतात. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि पत्ता त्यावर टेकवून पाठीकडून बघा. काळा कोअर असेल तर जवळजवळ काहीच दिसत नाही. वरच्या मालातली किलवर सत्ती टॉर्चवर ठेवली तेव्हा सातही किलवर पाठीकडून मोजता येत होते. रमीत समोरच्याच्या मागे ट्यूबलाइट असेल तर हे पत्ते काय कामाचे? दुसरी परीक्षा फाडण्याची. जास्तीचा एक पत्ता आडवा फाडा. कोअर असेल तर फाटलेल्या कडेला दोन पांढऱ्या थरांमध्ये काळी किंवा निळी रेघ स्पष्ट दिसते. आर्ट कार्ड सगळीकडे पांढरंच निघतं, आणि लॅमिनेशन असेल तर फाडताना वरचा पारदर्शक पापुद्रा ताणला जाऊन कागदापासून सुटतो.

जीएसएमच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. त्यावरून जाडी कळत नाही, ताठपणा कळत नाही, कोअर आहे की नाही हेही कळत नाही. ‘आमचा ३५० जीएसएम, त्यांचा ३१०च’ असं कोणी अभिमानाने सांगितलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. वजन करून बघायचा विचार असेल तर हिशेब असा: पोकर आकाराचा पत्ता ६३.५ × ८८.९ मिमी, म्हणजे ३१० जीएसएममध्ये एक पत्ता साधारण १.७५ ग्रॅम आणि ५४ पत्ते साधारण ९४ ग्रॅम. पण दोन्ही बाजूंच्या लॅमिनेशनचंही वजन भरतं, त्यामुळे हलक्या आर्ट कार्डचा कॅटही काट्यावर सहज खपून जातो. टॉर्च आणि फाडणं, या दोनच परीक्षा खऱ्या.

लिनन फिनिशमध्येही असाच खेळ होतो. खऱ्या लिननमध्ये कागदावरच बारीक खळग्यांची जाळी दाबलेली असते. त्या खळग्यांत हवा राहते म्हणून पत्ते एकमेकांवरून घसरतात. नकली लिनन म्हणजे जाळीची नक्षी असलेली लॅमिनेशन फिल्म. दिसायला सारखीच. कोपऱ्यावर नखाने खरवडून बघा. फिल्म असेल तर तिची कड सुटायला लागते. लॅमिनेशन केलेले पत्ते पावसाळ्यात तर फारच त्रास देतात. वरून ओल शिरत नाही, पण कापलेल्या कडा उघड्याच असतात, तिथून कागद ओल धरतो आणि पत्ता वाकडा होतो. कोकणात किंवा गोव्यात वापरायचे असतील तर लॅमिनेशन टाळाच. वॉटर बेस्ड कोटिंग केलेला कोअरचा कागद घ्या, नाहीतर सरळ पीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे पत्ते घ्या.

आता ऑफसेटचा दावा. ऑफसेटला प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट लागते. चार रंग, दोन बाजू म्हणजे एका मोठ्या शीटच्या मांडणीला आठ प्लेटा. मशीन लावून रंग जुळेपर्यंत कागद वाया जातो तो वेगळाच. हा खर्च शेकड्यांनी, खरं तर हजारांनी कॅट काढले तरच अंगावर येत नाही. १० किंवा ५० कॅट ‘ऑफसेटवर’ छापतो असं म्हणणारा एकतर खोटं बोलतो आहे किंवा त्याला स्वतःलाच माहीत नाही की काम कुठे होतं, म्हणजे तो मधला दलाल आहे. थोड्या प्रती डिजिटल मशीनवरच निघतात आणि त्यात कमीपणा काही नाही. चांगल्या डिजिटल मशीनवर कोअरच्या कागदावर उत्तम पत्ते छापले जातात. शंका यावी ती खोटेपणाची.

दलाल ओळखायचा एक सोपा प्रश्न आहे: ‘एका शीटवर किती पत्ते बसवता?’ डिजिटल मशीनचा नेहमीचा शीट १३ × १९ इंची किंवा १२ × १८ इंची. पोकर पत्ता २.५ × ३.५ इंच, चारही बाजूंना पाव इंचाच्या निम्मी, म्हणजे साधारण ३ मिमी ब्लीड (कापताना निघून जाणारी जास्तीची छपाई) धरली की तो २.७५ × ३.७५ इंच होतो. एका दिशेला तीन आणि दुसऱ्या दिशेला सहा, असे १८ पत्ते एका शीटवर बसतात. तीन शीट म्हणजे बरोबर ५४: बावन्न पत्ते आणि दोन जोकर. स्वतः काम करणारा माणूस हे झोपेतही सांगेल. हा हिशेब तुमच्याही कामाचा आहे. खेळात ५५वा पत्ता घातला की चौथा शीट लागतो, मग कॅटचा भाव उडी का मारतो ते समजतं आणि भाव फुगवला असेल तर तेही दिसतं. हाँगकाँगची मेकप्लेइंगकार्ड्स किंवा अमेरिकेतली द गेम क्राफ्टर अशा नावाजलेल्या सेवांची पानं ऑर्डर द्यायची नसली तरी एकदा वाचून काढा. पत्त्याची मापं, कोअर, फिनिश, किती प्रतींना काय भाव, हे तिथे कसं मांडलेलं असतं ते बघितलं की ‘प्रीमियम क्वालिटी’ एवढंच लिहिणाऱ्याचं पितळ आपोआप उघडं पडतं.

कटिंगमध्ये फसवणुकीपेक्षा हलगर्जी जास्त असते, पण नुकसान तेवढंच. छपाईची पुढची-मागची बाजू आणि कटिंग मिळून एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. पाठीला ३ मिमीची पांढरी किनार ठेवलीत तर एका बाजूला २ आणि दुसऱ्या बाजूला ४ अशी दिसते, आणि तो पत्ता कायमचा ओळखीचा होतो. किनार ५ मिमीच्या पुढे ठेवा. मजकूर आणि कोपऱ्यातले अंक कापण्याच्या रेषेपासून निदान ३ मिमी आत ठेवा. पाठ अशी हवी की पत्ता उलटा फिरवला तरी तशीच दिसेल. माल आल्यावर अर्धा कॅट उलटा फिरवून उरलेल्या अर्ध्यात मिसळा आणि टेबलावर आपटून कडा जुळवा. पायऱ्या दिसल्या तर कटिंग तिरकं आहे. कोपरे हाताच्या मशीनवर थप्पी लावून गोल केले असतील तर वरच्या आणि खालच्या पत्त्यांची गोलाई वेगळी येते, तेही याच वेळी दिसतं.

खोक्याचं मापही आधीच विचारून ठेवा. पत्ता ०.३ मिमी जाड धरला तर ५४ पत्त्यांची थप्पी १६.२ मिमी होते. कागद बदलून जाडी ०.३५ झाली तर तीच थप्पी १९ मिमीच्या आसपास जाते आणि झाकण बसत नाही. खोका फुगलेला आला तर आत ठरलेला कागद नाही, हे न उघडताच कळतं.

प्रूफच्या बाबतीत लोक सर्वांत जास्त फसतात. स्क्रीनवरची पीडीएफ म्हणजे प्रूफ नव्हे. त्यात कागद दिसत नाही, कटिंग दिसत नाही आणि खरे रंगही दिसत नाहीत. मोबाइलवर झळाळणारा निळा किंवा केशरी रंग छपाईत मंद येतो, आणि मग ‘तुमची फाइल आरजीबी (स्क्रीनच्या रंगांची) होती’ म्हणून हात वर केले जातात. फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत), ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे ब्लीडसकट ८२५ × ११२५ पिक्सेलची द्या. बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा, चार रंगांचा काळा त्यांना देऊ नका, नाहीतर कडा धूसर येतात. इतकं केलंत की फाइलवर खापर फोडता येत नाही. त्यानंतर तुमच्याच डिझाइनचा एक पूर्ण कॅट, ठरलेल्या कागदावर, ठरलेल्या मशीनवर छापून मागवा आणि त्याचे पैसे द्या. ‘कॅटचा नमुना मिळणार नाही, फक्त पीडीएफ’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. ‘अप्रूव्ह’ लिहून पाठवतानाही वाक्य पुरं लिहा: ‘फक्त मांडणी आणि मजकूर मंजूर, कागद व फिनिश नमुन्याच्या कॅटप्रमाणे.’ त्या कॅटमधला एक पत्ता सही आणि तारीख घालून जपून ठेवा.

पैशांचं म्हणाल तर पूर्ण आगाऊ रक्कम देऊ नका. निम्मी ऑर्डरबरोबर आणि निम्मी माल पाठवण्याआधी, थप्पीचा व्हिडिओ आणि एक पत्ता कॅमेऱ्यासमोर फाडलेला बघून. व्यक्तीच्या नावावरच्या यूपीआयपेक्षा क्रेडिट कार्ड बरं, कारण तिथे बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत मागता येतात. जीएसटी क्रमांक मागा आणि जीएसटी पोर्टलवर स्वतः तपासा. १५ अक्षरांच्या त्या क्रमांकातले पहिले दोन आकडे राज्य सांगतात: महाराष्ट्र २७, गोवा ३०, तमिळनाडू ३३. ‘तमिळनाडूत शिवकाशीला आमचा प्रेस’ म्हणणाऱ्याचा क्रमांक ०७ने, म्हणजे दिल्लीने सुरू होत असेल तर विचारा. बिलावर नुसतं ‘प्रिंटिंग’ चालणार नाही. ‘ब्लॅक कोअर, लिनन, ५४ पत्ते’ असं वर्णन बिलावर हवं, कारण पुढे भांडायचं झालं तर तोच कागद तुमच्या बाजूने बोलतो.

परदेशातून मागवताना भाव स्वस्त वाटतो, पण त्यावर पाठवणावळ, कस्टम ड्यूटी, आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) आणि कुरियर कंपनीचा हाताळणी आकार चढतो. ड्यूटी धरून भाव आहे की दारात भरायची आहे, हे ऑर्डरीआधीच लेखी घ्या.

फसवणूक झालीच तर पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ, टॉर्चवरच्या आणि फाडलेल्या पत्त्याचे फोटो, साइटवरच्या वर्णनाचे स्क्रीनशॉट आणि नमुन्याचा पत्ता एकत्र ठेवा. साइट बदलायला वेळ लागत नाही, म्हणून स्क्रीनशॉट ऑर्डर देतानाच घ्या. ‘कस्टम माल परत नाही’ या वाक्याला घाबरू नका. ई-कॉमर्सच्या २०२०च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार माल जाहिरातीप्रमाणे किंवा ठरल्याप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, हेही त्याच नियमांत आहे. तिथे टोलवाटोलवी झाली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची. मात्र पत्ते विकायला छापले असतील तर कायदा तुम्हाला सरसकट ग्राहक मानत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच ते काम करत असाल तर अर्जात तसं स्पष्ट लिहावं लागतं. पैसे घेऊन माणूस गायबच झाला तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम समोरच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी तक्रार पोहोचली तरच ती गोठवता येते.